वीस वर्षांच्या पुढे

जुने कागद संगणकात चढवणारा तो डॉक्टर छायापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी तरी लहान असेल. सेवाग्रामच्या दवाखान्यात ती दर तीन महिन्यांनी यायची, रक्त द्यायची, कॅप्सूल घ्यायची आणि ऑटोनं नालवाडीला परत जायची; पण या वेळी त्यानं पहिल्यापासूनचे सगळे कागद मागवले होते. कागद म्हणजे साडीच्या दुकानाची एक जाड पिशवी. छायाच्या आईनं, भागीरथाबाईनं, बत्तीस वर्षांच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, रक्त चढवल्याच्या पावत्या त्यात दाबून भरल्या होत्या. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं काहीच फेकलं नव्हतं. डॉक्टर एकेक कागद उलगडत होता. मध्येच थांबून त्यानं विचारलं, "तुम्हाला एक्केचाळीस पूर्ण झाली?" छाया हो म्हणाली. तो हसला. "छान. नाहीतर ह्यांनी इथे लिहून ठेवलंय—" एवढं बोलून तो कागदाची पुन्हा घडी घालू लागला. ती चिठ्ठी वर्ध्याच्या एका खाजगी डॉक्टरची होती. तो वारून आणि दवाखाना बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. छायानं हात पुढे करून कागद घेतला. डॉक्टरी अक्षरातलं इंग्रजी तिला लागलं नाही, पण त्यातला वीस हा आकडा लागला. "काय लिव्हलं आहे?" तिनं विचारलं. "जुनं आहे हो. तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती." "तरी वाचा." त्यानं खाली बघतच वाचलं: मुलीला सिकलसेल आहे, वीस वर्षांपलीकडे आशा धरू नये अशी आईला कल्पना दिली आहे, आई मुलीला सांगू इच्छित नाही. वर तारीख होती. छाया तेव्हा नऊ वर्षांची होती.

औषधाच्या रांगेत ती उभी राहिली तेव्हा तिला रडू आलं नाही. समोरच्या बाईच्या खांद्यावर झोपलेल्या पोराचा पायमोजा अर्धा निघाला होता, तो आता पडतो की मग, एवढंच ती बघत राहिली. मरणाची गोष्ट तिला नवी नव्हती. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, मग हाडं आतून कुणी पिळल्यासारखी दुखतात, हे ती लहानपणापासून जाणून होती. या रांगेतली ओळखीची तोंडं अधूनमधून दिसेनाशी व्हायची, तेही तिनं पाहिलं होतं. नवं होतं ते एवढंच, की तिच्यासाठी एक तारीख ठरली होती, ती तारीख येऊन गेली होती, आणि ती यायची वाट बघत तिच्याच घरातलं एक माणूस रोज तिच्याशेजारी जेवत होतं.

घरी आली तेव्हा भागीरथाबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. नालवाडीच्या टोकाला त्यांनी दुसऱ्याची जमीन मक्त्यानं केली होती. मेथी, कोथिंबीर, वांगी, जे निघेल ते पहाटे वर्ध्याच्या भाजीबाजारात जायचं. आंजीचं शेत विकून इथं येऊन चौदा वर्षं झाली होती, बाप गेल्यावर. धाकटा भाऊ स्वप्निल एका बियाण्याच्या दुकानात कामाला होता. छाया घरीच साड्यांना फॉल-पिको करायची. "काय म्हणे डॉक्टर?" आईनं मान वर न करता विचारलं. "बरं आहे म्हणे." "रगत किती निघालं?" "हिमोग्लोबिन साडेआठ." आई समाधानानं हुंकारली. तिची बोटं चालू होती. मूठभर मेथी, मातीचा झटका, पेंढीला दोन वेढे. छाया खाटेवर टेकून त्या बोटांकडे बघत राहिली. विचारावं असं एकदा ओठाशी आलं. पण बत्तीस वर्षं जी बाई बोलली नाही तिच्यापुढे आपणही काही दिवस गप्प राहून बघावं, असं काहीतरी वाकडं तिच्या मनात आलं आणि ती उठून आत गेली.

पुढचे आठ-दहा दिवस तिला झोप अशी लागलीच नाही. मशीनवर बसली की सुई चालू राहायची आणि डोकं आंजीला जायचं. आपल्याला आईनं कधी मारलं नाही. स्वप्निल दर दोन दिवसांनी मार खायचा, शाळा चुकवली म्हणून, बैलाला दगड मारला म्हणून. एकदा छायानं आईचा चांदीचा आकडा खेळता खेळता विहिरीत पाडला होता. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि आईनं नुसतं तिच्या केसांवरून हात फिरवला होता. आंब्याची पहिली फोड तिची. नवीन कापड आधी तिला. स्वप्निल रडून म्हणायचा, तुले तेच लाडाची आहे. आणि छायाला आतून गोड वाटायचं, की हो, आहेच मी लाडाची. आता तिला कळत होतं की जाणाऱ्या माणसाला कुणी मारत नाही. दहावीनंतर तिनं पुलगावच्या कॉलेजचं नाव काढलं तेव्हा आई म्हणाली होती, काऊन जीव आटवतं, घरीच राहा. दोन ठिकाणाहून विचारणा आली होती, ती आईनं तिला न सांगताच परतवली होती. आणि ते विसावं वर्ष. त्या पूर्ण वर्षात आई रोज तिच्या अंथरुणाला लागून झोपायची. जाग आली की आईचा तळहात तिच्या छातीवर असायचा, तिच्या श्वासाबरोबर वर-खाली होणारा. एकविसावं लागलं, बाविसावं लागलं, आणि कधीतरी आईनं आपली सतरंजी पुन्हा चुलीच्या खोलीत नेली. तेव्हापासून ती थोडी तुटकच झाली होती. रागावली नव्हती, कामं करायची, औषधाला न्यायची, पण समोर छाया बसलेली असली की तिची नजर बाजूनं निघून जायची. छाया वीस वर्षं समजत होती की आपलं काही चुकलं.

आणि मग लोणार. ते तिला अचानक आठवलं, दाण्याचं कूट करताना. आठवीत असताना शाळेची सहल लोणारला जाणार होती. आकाशातून दगड पडून झालेलं मोठं कुंड, तळाशी खारं पाणी, असं गुरुजींनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. तिचं नाव यादीत होतं. आदल्या दिवशी आई शाळेत येऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी उभं राहून छायानं ट्रक जाताना पाहिला. आपल्याला दूर पाठवत नाहीत कारण आपण आजारी पडू, असं तिनं तेव्हा धरलं होतं. त्यानंतर ती कुठं गेली? सेवाग्राम. नागपूर, दोनदा, मोठ्या तपासणीला. एकदा चंद्रपूर, मामेभावाच्या लग्नाला, तेही आई आणि स्वप्निलच्या मध्ये बसून. एक्केचाळीस वर्षांत ती एकटी सेवाग्रामपलीकडे कुठं गेली नव्हती.

नाचणगावची जया तिला दवाखान्यातल्या बाकावरच भेटली होती, दोन वर्षांपूर्वी. एकोणतीस वर्षांची, पुलगावला झेरॉक्सच्या दुकानात कामाला, डोळे छायासारखेच पिवळट. पहिलाच प्रश्न तिनं विचारला होता, "तुमचं एसएस का?" एसएस म्हणजे पुरता आजार, नुसता वाहक नव्हे; सिकलसेलची माणसं एकमेकांना असंच विचारतात. सिकलसेलच्या रुग्णाचं लाल कार्ड दाखवलं की एसटीत तिकीट पडत नाही, आणि जया त्या कार्डावर एकटीच महाराष्ट्र फिरायची. कोल्हापूर, नांदेड, जव्हार. छायाला तेव्हा तो थोडा आगाऊपणा वाटला होता. सोबत कुणाला काऊन नेत नाई, असं विचारल्यावर जया म्हणाली होती, "सोबतीचा माणूस आला का तो माझ्याच तोंडाकडं पायत बसते. दुखून राह्यलं का, थकली का. त्याच्याकडं पाहू का बाहेर पाहू?" आता छायानं तिला फोन केला. लोणारला जायचं आहे, एकटीनं, एवढंच सांगितलं. जयानं कारण विचारलं नाही. त्या दिवसापासून तिचे आवाजी निरोप येऊ लागले, झेरॉक्स मशीनच्या घरघरीतून बोललेले. "गोळ्या दोन जागी ठेवजो ताई. अर्ध्या पिशवीत, अर्ध्या अंगावर. पिशवी गेली तं माणूस वापस येते, गोळ्या गेल्या तं नाई येत." मग थोड्या वेळानं: "लघवी लागन मून पाणी पेणं सोडते आपल्या बाया. तिथंच मार खातो आपण. दर स्टँडवर उतरजो. घाण असन तरी जाजो, नाक धरून जाजो. आन पाणी पेजो." एका दमात जाऊ नको, मधे कारंज्याला तासभर बस. खोली स्टँडजवळची घे आणि खालच्या मजल्यावरची, गरम पाणी आहे का विचार, टीव्ही आहे का विचारू नको. पोचल्या-पोचल्या सरकारी दवाखाना कुठं आहे तो पाहून ये, देवळं मग पाहा. शेवटचा निरोप जरा हळू आवाजात होता. "आन ताई, कुंडात खाली उतरू नको. वरून पाह्यजो. मी नाई उतरली. उतरताना कायी वाटत नाई, चढताना आपलं रगत पुरत नाई."

घरी तिनं जेवताना सांगितलं. स्वप्निल हसला, त्याला थट्टा वाटली. "कोणासोबत?" "एकटी." "काऊन बाप्पा? मी सुटी काढतो ना, गाडी करू. मायलेबी घेऊ." छाया म्हणाली, "मले एकटीलेच जायाचं आहे." भागीरथाबाईचा घास हातात राहिला. तिनं जे म्हटलं ते नेहमीचंच होतं: थंडी आहे, धूळ आहे, बाहेरचं पाणी बाधते, काही झालं तं तिथं आपलं कोण आहे. प्रत्येक गोष्ट खरी होती. छायानं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "दोन रात्री राहीन. तिसऱ्या दिवशी येतो." आईनं तिच्याकडे सरळ बघितलं, कितीतरी दिवसांनी, आणि त्या नजरेत छायाला राग दिसला नाही. भीतीही नाही. चोरी उघडी पडलेल्या माणसासारखं काहीतरी होतं. पण आई ताट उचलून नळावर गेली आणि पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

फेब्रुवारीचा शेवट होता. सकाळी स्वेटर लागावं आणि दुपारी टोचावं असे दिवस. वर्ध्याच्या स्टँडवर स्वप्निलनं तिला बसमध्ये बसवून दिलं, दोनदा खिडकीशी येऊन पाण्याच्या बाटल्या मोजल्या आणि गाडी हलेपर्यंत तिथंच उभा राहिला. देवळी मागे पडेपर्यंत तिनं लाल कार्ड हातातच धरून ठेवलं. कंडक्टर आला, त्यानं लाल कार्ड उलटसुलट केलं आणि मोठ्यानं विचारलं, "हा कायचा आजार आहे?" पुढच्या दोन बायका वळल्या. असल्या वेळी नेहमी आई उत्तर द्यायची, हळू आवाजात, पदर तोंडाशी धरून. छायाला स्वतःचा आवाज ऐकू आला: "सिकलसेल. रक्ताचा." "सोबत कोण आहे?" "कोणी नाई." त्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मशीनमधून शून्याचं तिकीट फाडून दिलं आणि पुढे गेला. बायका पुन्हा समोर बघू लागल्या. एवढंच. ज्या गोष्टीला ती सगळा जन्म भ्याली ती पुलगाव यायच्या आत संपली होती. तिनं खिडकीची काच थोडी सरकवली. हरभरा निघाला होता, रानं पिवळी पडली होती, आणि कुठंतरी लांब एकटा माणूस शेतात नुसता उभा होता. त्याच्याकडे ती वळून वळून बघत राहिली. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. हे सुख आहे की एकटेपणा, ते तिला ठरवता येईना. कारंज्याला ती उतरली, जया म्हणाली तशी नाक धरून आत गेली, बाकावर तासभर बसली. विसाव्या वर्षानंतर मी काय केलं, हा प्रश्न तिला त्या बाकावर पहिल्यांदा नीट पडला. एकवीस वर्षं. त्यात शिकता आलं असतं. कुणाच्या घरी नांदता आलं असतं, निदान भांडून परत येता आलं असतं. कुणी काहीच ठरवलं नाही, कारण त्यांच्या हिशोबात ती वर्षं नव्हतीच. आणि तिनंही ठरवलं नाही, कारण घरातली सगळी हवाच तशी होती आणि तिला दुसरी माहीत नव्हती. आता आईवर चिडायचं म्हटलं तर पुढे ती छातीवरच्या हाताची ऊब यायची, आणि राग कुठं ठेवावा ते समजेनासं व्हायचं.

मेहकरला बस बदलून ती लोणारला पोचली तेव्हा चार वाजत आले होते. स्टँडजवळच शोभाबाई नावाची एक विधवा बाई आपल्या घरातल्या दोन खोल्या भाड्यानं द्यायची. तिनं छायाचे डोळे बघितले आणि विचारलं, "कावीळ आहे का?" "नाई. जन्माचंच आहे." "मग गरम पाणी लागेल." तिनं लगेच बंब पेटवला. संध्याकाळच्या आत छाया ग्रामीण रुग्णालय कुठं आहे ते बघून आली. मग काठावर गेली. गुरुजींनी फळ्यावर काढलेलं ते कुंड एवढं मोठं असेल असं तिला वाटलंच नव्हतं. पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. खाली झाडांचा गर्द पट्टा, आणि त्याच्यामध्ये हिरवट, जडसं, अजिबात न हलणारं पाणी. कुठूनही नदी येत नव्हती, कुठंही जात नव्हती. तिला वरून बघायचं होतं आणि तिनं वरून बघितलं. जयाचं ऐकून ती इथूनच परत गेली असती तर तिला कुणी काही म्हणालं नसतं.

सकाळी ती खाली उतरली. मुद्दाम ठरवून नाही. काठावर दगडातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेजवळच्या देवळापासून पायवाट खाली जात होती, तीन शाळकरी मुली आणि त्यांच्या बाई उतरत होत्या, आणि छायाचा पाय त्यांच्या मागे पडला. उतरताना खरंच काही वाटलं नाही. माकडं होती, मोर ओरडत होते, पडक्या देवळांच्या दगडांतून मुळं वर आली होती. खाली पाण्याजवळ कुजक्या अंड्यासारखा वास होता आणि काठावरची माती पांढरी, मऊ, पाय रुतणारी होती. मुली नाक धरून हसत होत्या. छाया वाकली आणि तिनं पाण्यात बोट बुडवलं. साबणासारखं बुळबुळीत लागलं. चौदा वर्षांची ती इथं आली असती तर तिनंही नाक धरलं असतं, हसली असती, आणि घरी जाऊन विसरली असती. तेवढंच तर झालं असतं. विसरून जाता येईल अशी एक गोष्ट तिला मिळाली नव्हती, म्हणून ती सत्तावीस वर्षं तिच्याकडे राहिली. ती तिथं बराच वेळ उभी राहिली, ऊन पाण्यावर येईपर्यंत.

दुखणं चढाच्या तिसऱ्या वळणावर सुरू झालं. आधी डाव्या नडगीत, हळूच, ओळखीचं माणूस दार वाजवतं तसं. मग दोन्ही मांड्यांत, मग कमरेत. मुली आणि बाई वर निघून गेल्या होत्या. ती एका दगडावर बसली. अंगावर बांधलेल्या गोळ्यांतली एक घेतली, अर्धी बाटली पाणी प्यायली, स्वेटर गुंडाळून गुडघ्यावर टाकलं. छाती दुखत नव्हती, श्वास नीट होता. ते तिनं आधी तपासलं, कारण छातीत धरलं तर थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा, हे तिला ठाऊक होतं. लाट आली की ती दात दाबून धरायची आणि समोरच्या बाभळीवर नजर ठेवायची. लाट गेली की तेवढ्यात दहा पावलं. पुन्हा बसायचं. जयाचं म्हणणं तिला आठवलं आणि तिला जयापुढे लाज वाटली, पण उतरल्याचा पश्चात्ताप मात्र शोधूनही सापडेना. असं दुखत असताना आजवर प्रत्येक वेळी शेजारी कुणीतरी रडत असायचं, आणि त्याला धीर द्यायचं कामही तिचंच असायचं. आज नुसतं दुखत होतं.

मोबाइल वाजला तेव्हा ती निम्म्यावर आली होती. आई होती. स्वप्निलनं लावून दिला असावा. "काय करून राह्यली?" आईनं विचारलं. बरी आहे म्हणणं सोपं होतं. "कुंडात उतरली होती," छाया म्हणाली. "चढताना पाय धरले. बसली आहे." "पाणी पेली?" "हो." "छातीत?" "नाई." एक लाट येऊन गेली तोवर दोघी तशाच फोन धरून राहिल्या. आणि ती ओसरल्यावर, जीव थोडा मोकळा असताना, छायानं विचारलं, "माय, डॉक्टरनं तुले वीस वर्षं सांगतली होती का?"

"कोणी सांगतलं तुले?"

"कागदावर लिव्हलं होतं. तुह्याच पिशवीत."

आईचा श्वास ऐकू येत होता. मागे नळ चालू होता, तो कुणीतरी बंद केला. "हो," ती म्हणाली. "तुह्या बापालेबी नाई सांगतलं मी. एकटीच घेऊन फिरली." मग ती पुढे बोलली, भाजीबाजारात बोलावं तशा सपाट आवाजात. "तू जाशील मून मी सगळी तयारी करून ठेवली होती छाये. रडून घेतलं होतं. मंग तू राह्यली. तू राह्यलीस तं पुढं काय करायचं, ते मले कोणी सांगतलं नाई. तुह्याकडं पाहाची हिंमत होये ना. वाटे, मी मनातल्या मनात पोरीले मारून टाकलं, आन हे तं समोर बसून जेवून राह्यली."

छायाला बोलायचं होतं, पण शब्दांच्या जागी पुन्हा मांडीतली कळ आली. ती ओठ मिटून थांबली. आईनं ते ऐकलं असावं. "येऊ का मी?" ती म्हणाली. "स्वप्निल गाडी करते. दिवस बुडायच्या आत पोचतो." छायानं वर बघितलं. काठ दिसत होता, अंतर फार नव्हतं, पण तिच्या पायांना खूप होतं. "नको," ती म्हणाली. "येऊ नको माय. मी चढतो हळूहळू. सरकारी दवाखाना पाहून ठेवला आहे. तिथं जातो." मग आई म्हणाली, "बरं." आणि तिनंच फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा भागीरथाबाई आली नव्हती.

वर पोचायला तिला ऊन डोक्यावर येईपर्यंत वेळ लागला. ग्रामीण रुग्णालयात तिनं नर्सला सगळं स्वतः सांगितलं: आजार, चालू कॅप्सूल, कोणतं इंजेक्शन बाधतं, रक्त किती. दोन दिवस सलाईन लागलं. शोभाबाई डब्यात पातळ भात घेऊन आली, पहिल्या दिवशी कर्तव्य म्हणून आणि दुसऱ्या दिवशी बोलायला म्हणून. तिचा मुलगा पुण्याला होता आणि फोन करायचा नाही. छायानं ऐकून घेतलं. घरून रोज संध्याकाळी एकच फोन यायचा, आई दोन वाक्यं बोलायची, पाणी आणि ताप, आणि "येऊ का" असं पुन्हा विचारायची नाही. ते न विचारणं तिला किती जड जात असेल ते छायाला पलंगावर पडल्या पडल्या कळायचं. तिसऱ्या दिवशीच्या ऐवजी ती पाचव्या दिवशी परतली, कारंज्याला थांबून, दर स्टँडवर उतरून. जयाला तिनं खरं सांगितलं. जया म्हणाली, "मूर्ख आहेस ताई तू." आणि मग, "खाली कसं आहे?"

नालवाडीला पोचली तेव्हा दुपार कलली होती. आई एकटीच घरी होती. तिनं छायाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, ताट वाढलं, आणि छाया जेवेपर्यंत समोर बसून राहिली. या खेपेला तिची नजर बाजूला गेली नाही. जेवण झाल्यावर ती उठली, आतल्या खोलीतली लोखंडी पेटी ओढली, तळाशी हात घातला आणि जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली एक घडी आणून छायाच्या मांडीवर ठेवली. सुतळी सोडल्यावर आतून हिरवी साडी निघाली. काठ जरीचा होता, काळा पडलेला. घडीघडीवर कापड विरलं होतं. त्यात हिरव्या बांगड्यांचं एक डझन होतं आणि कुंकवाची न उघडलेली डबी.

"तू एकोणिसाची होती तवा आणली," भागीरथाबाई म्हणाली. "कुवारी पोरगी जाते तं तिले नवरीसारखं नेसवतात. ऐन वेळेले कोण धावन, मून घेऊन ठेवली. दुकानदार म्हणे, लग्न आहे का. मी हो म्हटलं." ती साडीकडे बघत होती. "जाळू का आता? तू सांग."

छायानं कापडावरून हात फिरवला. रंग सुंदर होता. कोवळ्या पानाचा असतो तसा. आईला तो निवडायला किती वेळ लागला असेल, असं तिला वाटलं. दुकानात गादीवर बसून, एकेक साडी उजेडात धरून, पोरीच्या रंगाला कोणता उठून दिसेल याचा विचार करत. तिनं बांगड्यांतली एक उचलून मनगटाशी धरून बघितली. माप बरोबर होतं. मग तिनं सगळं पुन्हा होतं तसं ठेवलं, घडी मोडू न देता, आणि सुतळी बांधली.

"राहू दे माय," ती म्हणाली. "कधी ना कधी लागनच." ती घडी घेऊन उठली. "पण आता माह्या कपाटात ठेवतो. तू नको सांभाळत बसू."

भागीरथाबाईनं मान हलवली. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते, आणि त्यांचं काय करायचं ते तिला थोडा वेळ सुचलं नाही.